‘मी नावापुरतीच सर्जन आहे’

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी ३० वर्षांची नेत्रतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलेली, वडील कोरडवाहू शेतकरी, घराण्यातली पहिलीच डॉक्टर. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमएस झाली, आता एका उपजिल्हा रुग्णालयात बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष करते आहे. रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत तिने पहिल्या छेदापासून शेवटपर्यंत स्वतः केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया ४१, सगळ्या एसआयसीएस, म्हणजे मशीनशिवाय छोट्या छेदातून केलेल्या. फेकोच्या, म्हणजे मशीनने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या, फक्त काही स्टेप्स मिळाल्या. तिच्याच बॅचचा मित्र वडिलांच्या हॉस्पिटलात रोज चार-पाच फेको करतो. बाँड संपायला चार महिने आहेत आणि समोर तीन वाटा आहेत: दक्षिणेतल्या एका संस्थेत तुटपुंज्या विद्यावेतनावर दोन वर्षांची रेटिनाची, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याची, फेलोशिप, पुण्यात नेत्र रुग्णालयांच्या एका साखळीत चांगल्या पगाराची पण मुख्यतः ओपीडीची नोकरी, किंवा तालुक्याच्या गावी स्वतःचं हॉस्पिटल. हॉस्पिटलसाठी वडील जमीन तारण ठेवायला निघालेत. शिवाय जिल्ह्याच्या गावी दवाखाना असलेल्या एका नेत्रतज्ज्ञाचं स्थळ आलं आहे. रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षी कॅम्पमधल्या एका आजोबांच्या डोळ्यात तिच्या हातून भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा फाटला, लेन्स बसवता आली नाही. ती लिहिते, ‘तेव्हापासून ओटीत शिरताना पोटात गोळा येतो. बाकीचे सर्जन आहेत, मी नावापुरतीच. मॅडम, मी चुकीच्या क्षेत्रात आले का?’

प्रिय डॉक्टर,

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

४१ हा आकडा तुझ्या पत्रात चार ठिकाणी आहे. एकदा तर त्याखाली रेघ मारली आहेस. मित्राचा आकडा आहे, तुझ्या युनिटमधल्या सीनिअरचा आहे, शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात मुलांना किती केस मिळतात तोही आहे. एक आकडा मात्र मला सापडला नाही. त्या ४१ जणांपैकी महिन्याभराने किती जणांना नीट दिसत होतं?

हा टोमणा समजू नकोस. तुला ते कुणी विचारलंच नसणार. लॉगबुकात रकाने असतात ते पाहिलेल्या, मदत केलेल्या आणि स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांचे. कॅम्पचा पेशंट दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, थेंब आणि काळा चष्मा घेऊन गाडीत बसतो, आणि रेसिडेंटच्या नजरेआड जातो तो जातोच. मोतीबिंदूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वर्षानुवर्षं वापरली गेलेली फूटपट्टी साधी आहे. शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या किमान ८० डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसावं, म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते अक्षर ६ मीटरवरून वाचता यावं. आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणारे डोळे शंभरात ५ पेक्षा कमी असावेत. तुझे ४१ या पट्टीवर कुठे बसतात हे तुला माहीत नाही. मित्राचे कुठे बसतात तेही माहीत नाही. मग तो सर्जन आणि तू नावापुरती, हे ठरवलं कशावरून?

मित्राकडे तुझ्यापेक्षा जास्त आहे हे खरंच आहे. ते नाकारून मला तुला खोटा धीर द्यायचा नाही. पण जास्त काय आहे ते नीट बघ. तो फेको करत असतो तेव्हा मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या आयपीसमधून वडील बघत असतात. रेक्सिसची, म्हणजे भिंगाच्या पिशवीला पाडलेल्या गोल तोंडाची, कड पळायला लागली की ‘थांब, व्हिस्को (डोळ्यात भरायचं जेल) भर’ असं कुणीतरी कानाशी म्हणतं. त्याच्याही हातून चुका होतात, पण त्या वाढायच्या आत कुणीतरी हात घालतं. पेशंट कमी आले तरी महिनाअखेरीला भाडं भरायचं नाही. डॉक्टरांच्या घरात जन्मलेल्या मुलाला मिळतं ते हे. त्याच्या बोटांत वेगळं काही नाही. तुझ्या घरात हे नव्हतं, त्यामुळे ते तुला बाहेर शोधावं लागणार आहे. माझ्या मते या पत्रातला खरा प्रश्न तेवढाच आहे: तुझ्या पुढच्या शंभर-दोनशे शस्त्रक्रियांच्या वेळी शेजारी कोण उभं असेल? तिन्ही वाटा या एका प्रश्नावर तपासून बघ.

मी एमएस करत होते ते ऐंशीचं दशक. तेव्हा मोठा छेद घ्यायचा, मोतीबिंदू बाहेर काढायचा आणि केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने टाके घालत बसायचं. माझ्या बाराव्या की तेराव्या केसला मागची पिशवी फाटली आणि व्हिट्रिअस, म्हणजे डोळ्याच्या आतला पारदर्शक जेल, जखमेत आलं. माझे हात थंड पडले. वाटलं, आता सर मला उठवतील. सर उठले, माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘डोळा आयपीसवरून काढू नकोस. मनगट टेकव.’ मग स्पंजच्या टोकाला चिकटलेला तो पारदर्शक धागा वॅनासच्या कात्रीने कापायला लावला. परत स्पंज, परत कात्री, बाहुली गोल होईपर्यंत. लेन्स बसली नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी त्या बाईंच्या कॉटशी रेंगाळले नाही, पुढे निघाले. सरांनी मला परत बोलावलं. ‘पट्टी तूच काढ. काय झालं तेही तूच सांग.’ मी सांगितलं. डोळ्याच्या आतला नाजूक पडदा फाटला, त्यामुळे भिंग बसवता आलं नाही, जाड चष्मा लागेल, दर आठवड्याला यावं लागेल. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग पुढच्या खेपेला कुठल्या वारी यायचं?’ पुढे दीड-दोन वर्षं त्या माझ्याच ओपीडीच्या वारी यायच्या.

हे एवढं लांबवून सांगितलं, कारण तुझ्या पत्रात त्या आजोबांच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, पण शेजारी कोण होतं याचा उल्लेख नाही. ‘लेक्चरर दुसऱ्या टेबलवर होते’ इतकंच आहे. मग नंतर कुणी तुझ्याशी बोललं का? व्हिडिओ बघितला का? आजोबांना कुणी काय सांगितलं? तुझ्या पोटातला गोळा त्या एका फाटलेल्या पडद्यापेक्षा या न झालेल्या बोलण्यातून आला असेल, असा माझा अंदाज आहे.

आणि त्या गोळ्याची लाज बाळगू नकोस. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांमधल्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. त्याच यादीत मोतीबिंदूच्याच शस्त्रक्रियेत झालेल्या गुंतागुंतीचा वाटा ७.२ टक्के आहे. न केलेल्या शस्त्रक्रियेने माणसं आंधळी राहतात आणि बिघडलेल्या शस्त्रक्रियेनेही. दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाला ओटीत शिरताना भीती वाटणारच. ती कुणाच्या तरी देखरेखीत वापरली तर हात जपून चालतो. एकट्यानेच सोसली तर हात आखडतो.

आता शिक्षणाबद्दल. इथे मी तुझ्यासारख्या सगळ्याच मुलामुलींशी बोलते आहे, कारण डीएनबी (एमएसच्या तोडीची दुसरी पदव्युत्तर पदवी) करून बाहेर पडलेली मुलंही मला हेच लिहितात. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, मग नीट-पीजी, मग एमएसची तीन. घरच्यांना वाटतं, एवढी वर्षं शिकून डोळ्यांचा डॉक्टर तयार झाला. प्रत्यक्षात डोळ्याच्या वाट्याला शेवटची तीनच येतात. त्या तिनांत ओपीडी, इमर्जन्सी, थिसिस, आणि २०२१ च्या बॅचपासून जिल्हा रेसिडेन्सीचे सक्तीचे तीन महिने. एमएस हीच दोन अक्षरं घेऊन कुणी तीनशे केस करून बाहेर पडतं, कुणी तीस. ज्याला तीस मिळाल्या त्याने कमी कष्ट केले असं अजिबात नाही. त्याच्या कॉलेजात कॅम्प कमी होते, मायक्रोस्कोप एकच होता, किंवा शिकवणाऱ्यांना टेबल सोडवत नव्हतं. हा व्यवस्थेतला दोष आहे आणि आपल्या क्षेत्राने तो मान्य करायला हवा. तू तो स्वतःच्या लायकीच्या खात्यावर मांडून घेतला आहेस.

तसंच फेकोचं. पत्रात तू ‘फक्त एसआयसीएस’ असं लिहितेस. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना दिसण्यात फेको पुढे होती. पण योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे दोन्ही गटांत ९८ टक्क्यांवर होते. फेको तुला शिकायचीच आहे, शहरातला पेशंट तीच मागतो. पण तालुक्याला येणारा पिकून तपकिरी झालेला कडक मोतीबिंदू ज्याला एसआयसीएसने सुखरूप काढता येतो, त्याच्या फेकोत मध्येच काही अडलं तर तो छेद वाढवून पद्धत बदलू शकतो. मशीनवरच वाढलेल्या मुलांना ते जड जातं, हे मी पाहिलं आहे.

‘आमच्या घरात कुणी डॉक्टर नाही, मला काहीच पार्श्वभूमी नाही,’ असंही तू लिहितेस. या वाक्यापाशी मी थोडा वेळ थांबले. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत लाल डोळा घेऊन बाई येते, तेव्हा शहरात वाढलेला रेसिडेंट विचारतो, ‘काही लागलं का?’ ती म्हणते, ‘नाही.’ तू विचारशील, ‘मळणीयंत्रावर होतीस का? कुसळ गेलं का? कुणी पदराने नाहीतर जिभेने काढलं का? दूध घातलंस का?’ ती हो म्हणेल, कारण विचारणारीच्या आवाजात हसू नाही हे तिला कळेल. त्या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं. पिकाच्या कुसळाने झालेली बुबुळावरची जखम म्हटल्यावर बुरशीची शंका आधी घ्यायची असते, आणि मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर ते पहिले बंद करायचे असतात. जखमेची खरवड काचेवर घेऊन त्यावर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकला की साध्या मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात. ते दिसले की नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध त्याच दिवशी सुरू. रंगीत अहवाल नको, शहरात पाठवणं नको. किती डोळे केवळ आठवडा वाया गेला म्हणून पांढरे झाले ते मी मोजणं सोडून दिलं. तुला शेत माहीत आहे, ही पार्श्वभूमीच आहे.

आता वाटा.

स्वतःचं हॉस्पिटल आत्ता नको. हे मी ठामपणे सांगते. तिथे तुझ्या शेजारी कुणीच नसेल आणि मागे कर्जाचा हप्ता असेल. हप्ता मानगुटीवर असताना ‘हा मोतीबिंदू अजून सहा महिने थांबू शकतो’ हे वाक्य तोंडातून निघणं फार अवघड होतं. चांगल्या माणसांचंही होतं. वडिलांना समजावताना वैद्यकाची भाषा वापरू नकोस. विहिरीला पाणी लागायच्या आधी कुणी मोटार विकत आणत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. जमीन त्यांच्या नावावर मोकळी राहू दे. त्यांच्या उपकाराची फेड आजच करायची तुझी घाई दिसते, पण पत्रात तरी त्यांनी ती मागितल्याचं कुठे वाचलं नाही मी. त्यांना भीती असेल ती मुलीची एवढी वर्षं शिकण्यातच जाताहेत याची. त्यांना तारीख सांग: अमुक महिन्यापर्यंत शिकणार, मग गावी ओपीडी सुरू करणार.

ती ओपीडी कशी, तेही सांगते. स्लिट लॅम्प, रेटिनोस्कोप, ट्रायल सेट, ९० आणि २० डायॉप्टरच्या लेन्स, इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप (मागचा पडदा तपासायचं उपकरण), डोळ्याचा दाब मोजायचं एक उपकरण आणि भाड्याच्या दोन खोल्या. शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या धर्मादाय रुग्णालयात, जिथे भूल देणारे, नर्स आणि अडचणीला धावून येणारा सीनिअर आधीच आहेत. दोन-तीन वर्षांनी पेशंटच सांगतील स्वतःची ओटी हवी का ते.

पुण्याची नोकरी वाईट नाही. रोजच्या ओपीडीत नजर तयार होते आणि घरी पैसे पाठवता येतात. पण मुलाखतीत ‘हळूहळू ओटी देऊ’ असं म्हणाले असतील, तर आठवड्यातून किती दिवस, कुणाच्या हाताखाली आणि कितव्या महिन्यापासून, हे नेमणूकपत्रात लिहून माग. लिहून देत नसतील तर ती ओपीडीची नोकरी आहे असं समजून निर्णय घे. मध्येच सोडली तर काय भरावं लागेल तेही वाच.

माझा कल फेलोशिपकडे आहे, पण या फेलोशिपकडे नाही. रेटिनाच का, याचं उत्तर तू ‘स्कोप आहे’ असं दिलंस, आणि त्याच पत्रात तालुक्याला परतायचंय असंही लिहिलंस. रेटिनाची शस्त्रक्रिया करायला जे यंत्र आणि जी माणसं लागतात ती तालुक्याला उभी करणं तुला बरीच वर्षं परवडणार नाही. दोन वर्षं शिकलेलं हातात राहणार नाही आणि मोतीबिंदूचा हात तोवर आणखी सुटेल. तुला हवी ती सर्वसाधारण नेत्रविज्ञानाची फेलोशिप: मोतीबिंदू भरपूर, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा (रेटिना) ओळखून लेझर करता येणं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासता येणं. मोठ्या धर्मादाय नेत्र रुग्णालयांत अशा जागा असतात, आणि फक्त एसआयसीएस किंवा फेको शिकवणारे काही आठवड्यांचे अभ्यासक्रमही असतात.

संस्थेचं नाव बघून अर्ज करू नकोस. सध्या तिथे असलेल्या दोन फेलोंना फोन कर आणि विचार: गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती केस केल्या, पहिली पूर्ण फेको कितव्या महिन्यात मिळाली, पडदा फाटला तेव्हा टेबलाशी कोण आलं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरी संस्था शोध.

स्थळाबद्दल पत्रात एकच ओळ आहे, त्यावरून मुलाबद्दल मी काही बोलू शकत नाही. त्याला एक विचारून घे: ‘ओटीच्या यादीवर माझं नाव असेल का, की मी चष्म्याचे नंबर काढायचे?’ उत्तर आईवडिलांसमोर घे.

हातात अजून चार महिने आहेत, ते वाट बघण्यात घालवू नकोस. उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. त्यांच्याकडून रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढणं, पक्की कर. रोज दहा मुलांचे नंबर काढ आणि त्यांच्याशी ताडून बघ. कॉलेजात आपण हे घाईत उरकतो आणि पुढे आयुष्यभर यंत्राच्या चिठ्ठीवर विसंबतो. जिल्हा रुग्णालयाच्या कॅम्पच्या दिवशी तिथल्या सर्जनकडे जा आणि पूर्ण केस मागू नकोस. एक स्टेप माग. शेवटून सुरुवात कर: आधी लेन्स बसवणं, मग कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा मऊ उरलेला भाग) साफ करणं, मग न्यूक्लिअस (कडक गाभा) काढणं, मग रेक्सिस, सगळ्यात शेवटी टनेल (आत शिरायचा छेद). एक पायरी दहा डोळ्यांत नीट जमली की पुढची. सर्जनलाही यात धोका वाटत नाही, म्हणून तो हो म्हणतो. खाटकाकडून बोकडाचे डोळे मिळतात, रविवारी त्यांच्यावर टाके घाल. प्रत्येक केसचा व्हिडिओ घे आणि त्याच रात्री बघ. एकटीने न बघता कुणालातरी दाखव.

‘चुकीच्या क्षेत्रात आले का’ याचं उत्तर राहिलं. अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. जी. वेंकटस्वामी शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचं होतं. ऐन तिशीत संधिवाताने हाताची बोटं कायमची वाकडी झाली, म्हणून ते डोळ्यांकडे वळले. त्या बोटांनी उपकरणं धरायला नव्याने शिकले आणि लाखावर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, त्यांनी मदुराईत ११ खाटांनी सुरुवात केली. तुझे हात धडधाकट आहेत. एका डोळ्याचं दुःख तू वर्षभर विसरलेली नाहीस, यावरून तू योग्य जागी आहेस असंच मला वाटतं.

एक वही घे. प्रत्येक पेशंटचं आधीचं व्हिजन, काय केलं, काय बिघडलं, दुसऱ्या दिवशीचं आणि महिन्यानंतरचं व्हिजन. पहिल्या पानावर त्या आजोबांचं नाव लिही. कॅम्पच्या रजिस्टरात गाव आणि फोन नंबर असेल. त्यांच्या डोळ्यात लेन्स नाही, पण बाकीचा डोळा चांगला असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेने लेन्स बसवता येते, बुबुळाच्या पडद्याला अडकवून किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात पक्की करून. तोवर जाड चष्म्यानेही बरंच दिसेल. त्यांना हे कुणी सांगितलं नसेल. फोन कर, ओपीडीच्या दिवशी बोलव, एसटी स्टँडवर घ्यायला कुणाला तरी पाठव. काय झालं होतं ते तूच सांग, आणि ते ज्या सर्जनकडे पुढे जातील त्यांच्या ओटीत त्या दिवशी तूही असायची परवानगी माग.